पहारेकऱ्याच्या घरात चोर

(शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा कधी कधी गोंधळते आणि स्वतःच्याच शरीराविरुद्ध हत्यार उपसते. कालाआजार या रोगात हे कसे घडते, ते प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

मित्रांनो, 'आजार' हा शब्द तुम्हांला मराठी शिकताना मुद्दाम पाठ करावा लागला नसेल. तो फारसीतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. उर्दूत 'आजार' म्हणजे दुःख, त्रास. मराठीत तो सरळ रोगाचे नाव झाला. बिहार, बंगाल आणि आसामकडचे लोक एका तापाला 'काला आजार' म्हणत असत, कारण त्या तापात रोग्याची कातडी काळपट दिसू लागते. पुढे डॉक्टरांनीही हेच नाव उचलले. आज जगातील कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात तुम्हांला 'कालाआजार' हा शब्द सापडेल. आपल्या घरातला शब्द इतक्या दूर गेला, याची मला गंमत वाटते. रोग मात्र गंमतीचा नाही.

या रोगात ताप आठवडेच्या आठवडे हटत नाही. भूक जाते, वजन घटते, अंगातले रक्त कमी होते. हातपाय काड्यांसारखे होतात आणि पोट मात्र पुढे येते, कारण पोटाच्या डाव्या बाजूला असलेली प्लीहा, म्हणजे उर्दूतली तिल्ली, सुजून खूप मोठी होते. वेळेवर उपचार झाले नाहीत तर रोगी सहसा वाचत नाही. 1824 साली जेसोर भागात (आज हा भाग बांगलादेशात आहे) या तापाची मोठी साथ आली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हीच साथ ब्रह्मपुत्रेच्या काठाकाठाने आसामात शिरली आणि तिथली कित्येक गावे ओस पडली. लोक म्हणत, हा मलेरियाच आहे, फक्त जास्त जहाल. पण क्विनाइन देऊनही गुण येत नव्हता.

खरा अपराधी 1903 साली उजेडात आला. कलकत्त्याजवळच्या डमडम येथे राहून आलेला एक सैनिक इंग्लंडमध्ये मरण पावला होता. विल्यम लिशमन या डॉक्टरांनी त्याच्या प्लीहेत सूक्ष्म, अंडाकृती ठिपके पाहिले. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांना जिवंत रोग्याच्या प्लीहेतून तेच ठिपके मिळाले. ते एकपेशीय परजीवी होते. रोनाल्ड रॉस यांनी दोघांचाही मान राखला आणि परजीवीला 'लिशमानिया डोनोव्हनी' असे नाव दिले.

तो माणसाच्या अंगात शिरतो कसा? त्याला आणते वाळूमाशी. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात हिला सँडफ्लाय म्हटलेले असेल. ही दोन-तीन मिलिमीटरची, डासाहूनही लहान, पंख उभे धरून बसणारी माशी आहे. ती गुणगुणत नाही, म्हणून चावेपर्यंत कळत नाही. मातीच्या भिंतींच्या भेगा आणि गोठ्यातली ओलसर जमीन ही तिची आवडती ठिकाणे. महाराष्ट्रातही वाळूमाशा आहेत. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून ज्या विषाणूचे नाव पडले, तो 1965 साली सापडलेला विषाणूही वाळूमाशीच पसरवते. पण कालाआजाराचे मुख्य घर बिहार आणि त्याच्या आसपासचा प्रदेश हेच आहे.

या माशीवर संशय बराच काळ होता, पण पुरावा मिळत नव्हता. रक्त पाजलेल्या माशा प्रयोगशाळेत लवकर मरून जात. शेवटी 1940 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी त्यांना मनुक्यांचा रस द्यायला सुरुवात केली. माशा जगल्या आणि परजीवी त्यांच्या पोटात भरपूर वाढले. 1942 साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी अशा माशांच्या चाव्यातून माणसाला कालाआजार होतो हे सिद्ध केले. त्यासाठी काही माणसांनी स्वतःहून आपला हात पुढे केला होता. मनुका आणि हा हात, दोन्हींवाचून पुरावा अपुराच राहिला असता.

आता पाठाचा मुख्य भाग नीट वाचा. रोगजंतू शरीरात शिरला की त्याला गिळून टाकणाऱ्या पेशी आपल्याजवळ असतात. त्यांना भक्षक पेशी म्हणतात. त्या शरीराच्या पहारेकरीच आहेत. जंतू गिळायचा, पोटातल्या तीव्र रसांनी तो विरघळवायचा, हे त्यांचे काम. लिशमानियाला गिळले जाण्याची भीती नाही. उलट त्याला तेच हवे असते. तो भक्षक पेशीच्या पोटात जातो, तिथल्या रसांना दाद देत नाही आणि वाढू लागतो. एकाचे दोन, दोनाचे चार होतात. पेशी फुटते, परजीवी बाहेर पडतात आणि शेजारच्या पहारेकऱ्यांच्या घरी राहायला जातात. प्लीहा, यकृत आणि हाडांतला मगज या ठिकाणी भक्षक पेशींची वस्ती दाट असते. म्हणून तेच अवयव आधी बिघडतात.

शरीर गप्प बसत नाही. त्याच्याजवळ दुसरे हत्यार असते, ते म्हणजे प्रतिपिंडे. उर्दूत आपण त्यांना 'जिद्दे जिस्म' म्हणतो. प्रतिपिंडे रक्तात फिरतात आणि नेमक्या शत्रूला जाऊन चिकटतात. कुलपाला जशी ठरावीक किल्ली, तसे एका शत्रूला एक प्रतिपिंड. कालाआजारात प्रतिपिंडे बेसुमार तयार होतात. पण चोर घराच्या आत आणि किल्ल्या रस्त्यावर, अशी स्थिती! पेशीच्या आत दडलेल्या परजीवीपर्यंत त्या पोचतच नाहीत.

त्या किती वाढतात, हे डोळ्यांनी पाहता येत असे. कलकत्त्याचे डॉक्टर नेपियर यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला एक सोपी परीक्षा शोधली. रोग्याच्या रक्ताचा पातळ भाग काचेच्या नळीत घ्यायचा आणि त्यात फॉर्मॅलिनचा एखादा थेंब टाकायचा. जुना कालाआजार असेल तर थोड्याच वेळात ते पाणी उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे घट्ट आणि पांढरे होई. खेड्यातला डॉक्टरही हे करू शकत असे. हा घट्टपणा त्या फाजील प्रतिपिंडांमुळेच येत असे.

पण इतकी प्रतिपिंडे येतात कुठून? सगळीच परजीवीविरुद्ध असतात का? नाही, आणि इथेच नवलाची गोष्ट आहे. परजीवीमुळे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी सरसकट जाग्या होतात. गावात एका घरी चोर शिरल्याची हाकाटी उठावी आणि अंधारात सगळा गाव काठ्या घेऊन धावत सुटावा, तसे होते. काही काठ्या चोराच्या दिशेने जातात, काही हवेत फिरतात, तर काही आपल्याच माणसांच्या डोक्यात बसतात. शरीराच्या स्वतःच्याच घटकांना चिकटणाऱ्या अशा प्रतिपिंडांना स्वप्रतिपिंडे म्हणतात. कालाआजाराच्या रोग्यांत पेशींच्या केंद्रकाविरुद्ध, स्नायूंविरुद्ध, रक्तातील पेशींविरुद्ध स्वप्रतिपिंडे सापडतात. काही तर चक्क प्रतिपिंडांनाच चिकटणारी प्रतिपिंडे असतात! आणखी एक कारण असे, की परजीवीची काही प्रथिने आपल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. त्यामुळे शत्रूसाठी घडवलेली किल्ली आपल्याच कुलपालाही लागते.

यामुळे नुकसान होते का? काही वेळा होते. प्रतिपिंडांचे गुंते मूत्रपिंडात अडकतात. तांबड्या पेशींवर प्रतिपिंडे बसली तर त्या लवकर मोडतात आणि आधीच कमी असलेले रक्त आणखी कमी होते. पण खरा धोका वेगळाच आहे. ल्यूपस नावाचा एक रोग असतो. त्यात कोणताही जंतू नसताना शरीर स्वतःवरच हल्ला करते. त्यातही ताप येतो, रक्त कमी होते आणि तपासणीत हीच स्वप्रतिपिंडे दिसतात. कागदावरचा अहवाल पाहून डॉक्टरने कालाआजाराला ल्यूपस समजले तर काय होईल? ल्यूपसमध्ये प्रतिकारशक्ती दाबणारी स्टेरॉइड औषधे देतात. कालाआजाराच्या रोग्याला ती दिली तर उरलासुरला पहाराही उठतो आणि परजीवीला मोकळे रान मिळते. म्हणून जाणता डॉक्टर अहवालाबरोबर रोग्यालाही विचारतो, "बाबा, तुझे गाव कोणते? गेल्या वर्षी तू कुठे कामाला होतास?" माझ्या मते हा साधा प्रश्न एखाद्या महागड्या यंत्राइतकाच मोलाचा आहे. एक गोष्ट ध्यानात ठेवा: कालाआजार बरा झाला, की ही स्वप्रतिपिंडे हळूहळू ओसरतात. ल्यूपसमध्ये ती अशी सहज जात नाहीत.

मग या चोराला मारते कोण? टी-पेशी. त्या इंटरफेरॉन नावाचे रसायन सोडतात. त्याने भक्षक पेशी जणू झोपेतून जागी होते आणि आपल्या पोटातला परजीवी स्वतःच मारते. ज्यांच्या शरीरात परजीवी शिरतो, त्यांतील बहुतेकांना आजार होतच नाही. त्यांच्या टी-पेशी वेळेवर काम करतात. कुपोषित मुलांत आणि एचआयव्ही झालेल्या रोग्यांत मात्र हा इशारा दुबळा पडतो. एचआयव्ही असलेल्यांना तर बरे झाल्यावरही कालाआजार पुन्हा पुन्हा उलटतो.

टी-पेशींची ही आठवण लोकांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक होती. लिशमानियाचा दुसरा एक प्रकार फक्त कातडीवर फोड आणतो. अफगाणिस्तानात त्याला 'सालदाना' म्हणतात, कारण तो भरून यायला सालभर लागते. एकदा बरा झाला की तो सहसा पुन्हा होत नाही. म्हणून बगदादसारख्या शहरांत पूर्वी मुलांच्या अंगावर, कपड्यांखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, मुद्दाम हा फोड आणवत असत. मोठेपणी चेहऱ्यावर व्रण येऊ नये एवढाच हेतू!

कालाआजारावर पहिले भरवशाचे औषध कलकत्त्याच्या उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी 1920 च्या सुमारास बनवले. कॅम्पबेल रुग्णालयातल्या त्यांच्या खोलीत नळ नव्हता, गॅस नव्हता. रात्री कंदिलाच्या उजेडात काम चाले. त्यांचे युरिया स्टिबामाइन अँटिमनी या धातूपासून बनलेले होते. अस्सल जुना सुरमा याच धातूच्या खनिजाचा असे. (बाजारातल्या सुरम्यात मात्र बरेचदा शिसे असते, तेव्हा जपून!) अँटिमनीचे औषधही टी-पेशींची साथ असेल तरच नीट चालते. पुढे बिहारमध्ये परजीवी त्याला जुमानेनासा झाला. 2014 पासून भारतात ॲम्फोटेरिसिन या औषधाचा एकच डोस शिरेतून देण्याची पद्धत सुरू झाली. फॉर्मॅलिनच्या थेंबाची जागाही आता कागदी पट्टीने घेतली आहे. बोटातल्या थेंबभर रक्तावरून ती काही मिनिटांत उत्तर देते.

2023 साली बांगलादेश हा कालाआजार निर्मूलनाची मान्यता मिळवणारा जगातील पहिला देश ठरला. भारतातही रोगी फार कमी झाले आहेत. तरी आरोग्यसेवक बिहारमधल्या गावांत अजून घरोघरी फिरतात. ते आता तापाच्या रोग्यांबरोबर आणखी कुणाला तरी शोधत असतात: बऱ्या झालेल्या, शेतात राबणाऱ्या, कसलीच तक्रार नसलेल्या माणसांना. कारण त्यांतील काहींच्या चेहऱ्यावर महिन्यांनी किंवा वर्षांनी फिकट चट्टे उठतात. ते दुखत नाहीत, खाजत नाहीत. पण त्या चट्ट्यांखाली परजीवी जिवंत असतो, आणि संध्याकाळी भिंतीच्या भेगेतून वाळूमाशी बाहेर पडतेच.

स्वाध्याय

1. भक्षक पेशीने गिळल्यावरही लिशमानिया का मरत नाही? चार-पाच वाक्यांत लिहा.
2. 'चोर घराच्या आत आणि किल्ल्या रस्त्यावर' असे लेखक कशाविषयी म्हणतो?
3. डॉक्टर रोग्याला त्याचे गाव का विचारतो? कारणे द्या.
4. पाठात आलेले उर्दू आणि मराठीत सारखे असणारे पाच शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.