कुष्ठरोगातील दाह : वेळीच दखल, अपंगत्व टळेल

अमरावती शहरालगत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली ‘तपोवन’ उभारले, तेव्हा कुष्ठरोगावरील खात्रीचे औषध सामान्य रुग्णाच्या आवाक्यात नव्हते. गावाने टाकलेल्यांना आसरा, काम आणि सन्मान देणे हाच मोठा उपचार होता. आज परिस्थिती पालटली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेले बहुविध औषधोपचार शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात आणि सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. तरीही काही रुग्णांची बोटे वाकतात, पाऊल लुळे पडते. याला जंतूंइतकाच शरीराचा स्वतःचा प्रतिकारही कारणीभूत असतो.

जंतू आणि प्रतिकारशक्ती

नॉर्वेचे डॉ. हॅन्सेन यांनी १८७३ साली शोधलेला हा जंतू अत्यंत मंद गतीने वाढतो. एकाचे दोन होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून लागण आणि लक्षणे यांत कित्येक वर्षांचे अंतर पडते. बहुसंख्य लोकांची प्रतिकारशक्ती या जंतूला थारा देत नाही. ज्यांना रोग होतो, त्यांच्यापैकी काहींचा प्रतिकार जोरकस असतो. त्यांच्या अंगावर मोजकेच बधिर चट्टे दिसतात. काहींच्या पेशी जवळजवळ प्रतिकारच करीत नाहीत. त्यांच्या शरीरात जंतू मोकाट वाढून त्वचा जाड होते, गाठी येतात. बहुतेक रुग्ण या दोन टोकांच्या दरम्यान असतात.

दाहाची प्रतिक्रिया

जंतू चेतातंतूंच्या आवरणातील पेशींत दडतात. प्रतिकारशक्ती एकाएकी चेतली की तिचा मारा तेथेच होतो. जुने चट्टे लाल होऊन सुजतात. कोपर, गुडघा किंवा घोट्याजवळची नस दुखू लागते. दुसऱ्या प्रकारात ताप येऊन अंगावर दुखऱ्या लाल गाठी उठतात; डोळ्यांनाही इजा होऊ शकते. नस सुजली की थोड्याच काळात तिची संवेदना व शक्ती जाऊ शकते.

ही प्रतिक्रिया उपचारापूर्वी, उपचार चालू असताना किंवा तो संपल्यावरही उद्भवते. ‘औषध उष्ण पडले’ असा समज होऊन रुग्ण गोळ्या सोडतो, आणि येथेच घात होतो. मूळ औषधे चालूच ठेवावयाची असतात. जोडीला दाह शमविणारे प्रेडनिसोलोन वैद्यकीय देखरेखीखाली काही आठवडे द्यावे लागते. नसेची शक्ती जाऊन सहा महिने उलटण्यापूर्वी उपचार झाल्यास ती परत येण्याची आशा अधिक असते.

गावाची जबाबदारी

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शेतमजुराचे हात हेच त्याचे भांडवल. हात बधिर झाला की कापूस वेचताना टोचलेले किंवा चुलीपाशी भाजलेले कळत नाही. जखम चिघळते आणि बोटे झडतात. म्हणून चट्टा अचानक सुजला, नस दुखू लागली, हाताची पकड सैल झाली किंवा पायातील चप्पल नकळत निसटू लागली, तर रुग्णाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवावे. परतवाड्याजवळील कोठारा येथील लेप्रसी मिशनच्या रुग्णालयातही अशा रुग्णांवर उपचार होतात.

प्रतिक्रिया आली म्हणून रुग्णाला गावाने दूर लोटू नये. उपचार सुरू होताच त्याच्यापासून लागण होण्याचा धोका झपाट्याने ओसरतो. शिक्षकाने शाळेत आणि पंचायत सदस्याने ग्रामसभेत एवढे समजावून सांगितले, तरी अनेक हात कामाचे राहतील.