एमबीएचा कॉल कोणाला येतो? धंदा करणाऱ्यांसाठी सरळ हिशोब

व्हिडिओत मी मुलाखतीत काय बोलायचं ते सांगितलं. पण मुलाखतीपर्यंत पोहोचणं हीच मोठी चाळणी आहे, आणि ती कशी चालते हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना नीट माहीत नसतं. तीन-चार वर्षं धंदा केल्यावर "आता एमबीए करून बघू का?" असं मनात येतं. मग क्लासची फी भरायच्या आधी हे वाचा.

पहिली गोष्ट. सगळीकडे मुलाखत असतेच असं नाही. आपल्या राज्यात सीईटी सेलच्या कॅप फेऱ्यांतून एमबीएला प्रवेश मिळतो, तो सीईटीच्या गुणवत्ता यादीवर. तिथे तुम्ही बोलता कसे, धंदा किती वाढवला, हे कोणी विचारत नाही. मुलाखतीची भानगड मुख्यतः आयआयएम आणि तशा खासगी संस्थांची.

आयआयएमचं बघू. कॅट परीक्षेला साधारण ३ लाखांच्या आसपास मुलं बसतात. अहमदाबादच्या मुख्य कोर्सला जागा असतात ४०० च्या आसपास. एवढ्यांच्या मुलाखती घेणं शक्य नाही, म्हणून आधी कागदावर चाळणी लागते. आणि इथेच लोक फसतात. संस्था किमान पात्रता जाहीर करते, समजा ८० किंवा ८५ पर्सेंटाइल. आपल्याला वाटतं ८६ आले म्हणजे कॉल आला! तसं नसतं. किमान पात्रता म्हणजे फक्त रांगेत उभं राहायची परवानगी. खुल्या प्रवर्गात जुन्या आयआयएमचे कॉल बहुतेक वेळा ९९ च्या आसपासच्यांना जातात. (पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत बरं का. ९९ म्हणजे शंभरातले साधारण ९९ जण तुमच्या मागे.) शिवाय भाषा, डेटा-लॉजिक आणि गणित या तिन्ही विभागांची किमान रेषा वेगळी असते. एकूण भरपूर आणि एका विभागात कमी, तर अर्ज तिथेच बाजूला.

रांगेतल्यांमधून निवडताना कॅटच्या जोडीला तुमचा जुना हिशोब उघडतात. अहमदाबादमध्ये त्यासाठी दहावी, बारावी, पदवीचे गुण आणि कामाचा अनुभव मिळून अर्जाचं वेगळं रेटिंग काढतात. पदवीच्या शाखांचे गटही पाडतात, म्हणजे सगळे इंजिनिअरच भरले जाऊ नयेत. कोलकात्याला दहावी-बारावीला महत्त्व आहे. मुलींना काही संस्था थोडे जादा गुण देतात. कोझिकोडला २०१३ साली निम्म्याहून जास्त मुली असलेली तुकडी आली ती अशा बदलांमुळेच. प्रत्येक संस्था आपलं वजन दरवर्षी जाहीर करते आणि बदलतेही, त्यामुळे गेल्या वर्षीच्या आकड्यावर विसंबू नका.

आता आपल्या कामाचा मुद्दा. समजा तुमचा नाशिकला फरसाणचा धंदा आहे. दहावीला ६२ टक्के, पदवी बी.कॉम., त्यानंतर चार वर्षं दुकान. दहावीचे गुण आता बदलणार नाहीत. ते कमी असतील तर कॅटमध्ये भरून काढावे लागतात, आणि काही संस्थांत तेही पुरत नाही. मग त्या संस्थेवर फॉर्मचे पैसे कशाला घालवायचे? अनुभवाचे गुण मात्र तुमच्या हातात आहेत, पण ते पदवीनंतरच्या पूर्णवेळ कामाचे. कॉलेज करता करता वडिलांच्या गल्ल्यावर बसलात, ते सहसा धरत नाहीत. आणि "मी धंदा करतो" हे सांगून चालत नाही. पुरावा लागतो. उद्यम नोंदणी, जीएसटी, तुमच्या नावाचं आयकर विवरण, बँकेचं चालू खातं. सगळा व्यवहार रोखीत आणि कागद वडिलांच्या नावावर असेल, तर चार वर्षांचा घाम गाळूनही अर्जात अनुभव शून्य दिसू शकतो. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं, कारण माणूस खरोखर राबलेला असतो.

काही संस्था अर्जातली माहिती जास्त बारकाईने वाचतात. मुंबईचं एस. पी. जैन प्रोफाइल बघून कॉल देण्यासाठी ओळखलं जातं. हैदराबादच्या आयएसबीला जीमॅटसारख्या परीक्षेबरोबर निबंध आणि शिफारस लागते. हार्वर्डला तर मुलाखत फक्त आमंत्रणानेच, आणि घेणाऱ्याने तुमचा अर्ज आधी वाचलेला असतो. अशा ठिकाणी "मला नेतृत्व आवडतं" असं लिहू नका. "उधारी ६० दिवसांवरून २५ वर आणली, त्यासाठी दोन मोठी गिऱ्हाइकं सोडली" असं लिहा, अर्थात खरं असेल तर. कारण कॉल आला की त्यावरच खणतात: गिऱ्हाईक का सोडलं, मार्जिन किती, नवीन माल कुठून आणला, आणि दुकान चालू असताना इथे का आलात?

हा शेवटचा प्रश्न तुम्हाला स्वतःलाच अडवत असेल, तर घरच्या धंद्यासाठीचे वेगळे कोर्स बघा. एस. पी. जैनच्या कौटुंबिक व्यवसायाच्या कोर्सची रचनाच महिन्यातला एक आठवडा वर्गात आणि बाकीचे दिवस दुकानात अशी आहे. तिथे कॅट लागत नाही. धंदा आणि घरचे, दोन्ही तपासून घेतात. माझं मत विचाराल तर चालतं दुकान दोन वर्षं बंद ठेवण्यापेक्षा बऱ्याच जणांना हे जास्त बसेल.

कॅटच करायचं ठरलं असेल तर परीक्षा साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते, फॉर्म ऑगस्टच्या सुमारास सुटतात, मुलाखती नव्या वर्षात. म्हणजे या वर्षीचं आयकर विवरण मुदतीत तुमच्या स्वतःच्या नावाने भरलेलं असायला हवं. सीएंना आजच फोन करा.