मेंदू-प्रवाळ : दगड नव्हे, प्राणी

समुद्राचा पाठ शिकविताना प्रवाळास दगड अथवा वनस्पती समजण्याची चूक विद्यार्थ्यांकडून वारंवार होते. ती दूर करण्यास मेंदू-प्रवाळ हे उत्तम उदाहरण होय.

याचा आकार घुमटासारखा असून त्यावर मेंदूच्या वळ्यांप्रमाणे नागमोडी खाचा दिसतात. हा एकटा प्राणी नसून पॉलिप नावाच्या असंख्य इवल्या प्राण्यांची वसाहत असते. पॉलिप आपल्या तळाशी चुनखडीचा सांगाडा रचतो. पुष्कळ प्रवाळांत प्रत्येक पॉलिपचा खळगा स्वतंत्र असतो. येथे मात्र अनेक पॉलिप एकाच खाचेत ओळीने राहतात. सजीव भाग म्हणजे केवळ वरचा पातळ थर. त्याखाली सर्व चुनाच. वाढ वर्षाला काही मिलिमीटरच होते. त्यामुळे पुरुषभर उंचीचा घुमट कित्येक शतकांचा असतो.

रात्री पॉलिप आपली दंशपेशीयुक्त शुंडके पसरून सूक्ष्म जीव पकडतात. परंतु त्यांचे बहुतांश पोषण शरीरात राहणाऱ्या एकपेशीय शैवलांकडून होते. शैवले सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. मोबदल्यात त्यांना निवारा मिळतो. पाणी प्रमाणाबाहेर तापले की हे सहजीवन तुटते, शैवले निघून जातात व प्रवाळ पांढरा पडतो. उष्णता टिकून राहिल्यास तो उपासमारीने मरतो. लक्षद्वीपात 1998, 2010 व 2016 साली असे मोठे विरंजन झाले.

ही हानी केवळ प्रवाळाची नव्हे. लक्षद्वीपची भूमीच प्रवाळांच्या चुऱ्याची बनलेली आहे. भक्कम घुमट इतर प्रवाळांसह लाटांचा जोर मोडतात आणि मासे, खेकडे यांना आसरा देतात. प्रवाळभित्तींनी समुद्रतळाचा एक टक्काही भाग व्यापलेला नाही. तरी सागरी जीवजातींपैकी सुमारे चतुर्थांश जाती त्यांच्या आश्रयाने राहतात.

पाठाच्या वेळी शाडूचा गोळा करून त्यावर काडीने नागमोडी खाचा कोराव्यात. अंड्याच्या टरफलावर लिंबाचा रस टाकून बुडबुडे दाखवावेत. टरफल व प्रवाळाचा सांगाडा एकाच द्रव्याचे असतात, हे त्यावरून सांगता येईल. शाळेच्या संग्रहासाठी प्रवाळ मात्र आणवू नये. भित्ती रचणाऱ्या प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. शिवाय, कपाटातील प्रवाळ हे रिकामे घर होय. त्यात राहणारे जीव विद्यार्थ्यांच्या मनापुढे उभे करणे, हेच शिक्षकाचे कार्य.