घटस्फोटानंतर बंदूक कोणाची?

फ्लॅट कोणाला, गाडी कोणाकडे, दागिने किती तोळे, मुलगी सुट्टीत कुठे राहणार, हे सगळं संमतीच्या अटींमध्ये नीट लिहिलं होतं. मळ्यातल्या कपाटात ठेवलेली बारा बोअरची दुनळी मात्र कोणाच्या ध्यानातही आली नाही. नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयातून हुकूमनामा मिळाला आणि गंगापूर रोडला राहणाऱ्या त्या प्राध्यापिकांनी वडिलांची बंदूक परत मागितली. दिंडोरी तालुक्यातल्या मळ्यात राहणाऱ्या त्यांच्या पूर्वीच्या नवऱ्याने शस्त्र परवाना पुढे केला. नाव त्याचं, नंबरही त्याच बंदुकीचा. "परवाना माझा आहे, म्हणजे बंदूक माझी," एवढंच त्याचं उत्तर.

असा परवाना समोर आला की बहुतेक जण विषय सोडून देतात. या बाईंनी सोडला नाही, आणि ते योग्यच झालं. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना मिळतो तो शस्त्र बाळगण्यासाठी. ते शस्त्र मालकीचं कसं झालं, हे सांगतात खरेदीचं बिल, वारसा, बक्षीस किंवा विक्रीचे कागद. मात्र यालाही दुसरी बाजू आहे. मालकी शंभर टक्के सिद्ध झाली तरी स्वतःचा परवाना नसेल, तर ती बंदूक एक रात्रही घरात ठेवता येत नाही. मालकी आणि ताबा या दोन प्रश्नांची गल्लत झाली की माणूस एक तर हक्क गमावतो, नाहीतर गुन्ह्यात अडकतो.

बाईंचे वडील लष्करातून निवृत्त होऊन देवळालीत स्थायिक झालेले. ते गेल्यावर कलम २१ प्रमाणे बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे जमा झाली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगा आणि मुलगी सारख्याच हक्काचे वारस. द्राक्षबागेत बिबट्याचा वावर वाढला होता, म्हणून जावयाने परवाना काढला आणि आई, भाऊ व बाई यांनी ना-हरकत प्रतिज्ञापत्रं दिली. त्यात शब्द होते, "सदर शस्त्र जावयाच्या परवान्यावर नोंदवण्यास हरकत नाही." बक्षीस दिलं किंवा विकलं, असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. पुढे सगळा वाद याच एका वाक्यावर येऊन ठेपला.

मग कागद गोळा करायचं काम सुरू झालं. वडिलांच्या जुन्या परवान्याची पुस्तिका ट्रंकेत सापडली, पण हाताने लिहिलेल्या नंबरातला एक आकडा तीन की आठ, हे कळेना. विक्रेत्याने जमा रजिस्टर काढलं. वडिलांच्या मृत्यूनंतरची नोंद तिथे होती, नळीची लांबी आणि बनावटीसकट. तिच्यात आकडा स्वच्छ आठ होता, आणि नवऱ्याच्या परवान्यावरही आठच. आईने आणि भावाने आपला हिस्सा बाईंच्या नावे सोडत असल्याचं लिहून दिलं. वकिलाची नोटीस गेल्यावर समोरच्याने कोर्टाची पायरी चढण्याऐवजी तडजोड पत्करली.

बाई सांगतात, "मला वाटलं, आता जाऊन बंदूक गाडीत टाकायची आणि घरी यायचं. वकिलांनी फोनवरच थांबवलं. म्हणाले, तुम्ही तिला हात लावायचा नाही."

वकिलांचं म्हणणं बरोबर होतं. विनापरवाना बंदूक जवळ बाळगल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं आहे. म्हणून परवानाधारक असलेल्या पूर्वीच्या नवऱ्यानेच ती विक्रेत्याकडे नेऊन जमा केली. पावतीवर बनावट, बोअर, नंबर आणि दोघांच्या सह्या. हस्तांतराचा इरादा जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. घेणाऱ्याकडे तोवर परवाना हवा. नाशिकमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: शहरातले परवाने पोलीस आयुक्तालय देतं, तर दिंडोरी, निफाड, सिन्नर या बाजूचे जिल्हाधिकारी कार्यालय. नवरा-बायको वेगळे होऊन एक शहरात आणि एक तालुक्यात राहू लागले की पत्रं दोन्हीकडे द्यावीत आणि पोच घ्यावी.

पोच किती मोलाची, हे सलमान खान यांच्या जोधपूरच्या खटल्यात दिसलं. परवान्याची मुदत संपलेली शस्त्रं वापरल्याचा १९९८ चा आरोप होता. त्यातून ते १८ जानेवारी २०१७ रोजी सुटले. पण मधल्या काळात परवाना हरवल्याचं प्रतिज्ञापत्र दिलं गेलं होतं, आणि तो तर नूतनीकरणाला दिलेला निघाला. खोट्या प्रतिज्ञापत्राचा तो वाद २०२१ पर्यंत चालला. नूतनीकरणाला पुस्तिका देताना पावती घ्यावी, प्रत्येक पानाची प्रत ठेवावी.

याच्या उलट प्रसंग जास्त धोक्याचा. नवरा घर सोडून जातो, परवाना सोबत नेतो आणि बंदूक बायकोच्या कपाटात राहते. तिला ती तिथे आहे हे माहीत असेल, तर संकट तिच्या दारात उभं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सांगितलं की ताब्यात जाणीव असावी लागते, आणि शस्त्र प्रत्यक्ष हातात नसलं तरी त्यावर नियंत्रण असेल तर तोही ताबाच. अशा वेळी बंदूक नवऱ्याच्या नव्या घरी पोहोचवायला अजिबात जाऊ नये. त्याच दिवशी पोलीस ठाण्याला लेखी कळवावं, बंदूक जमा करून घ्यायला सांगावं आणि नंबरासह पावती मागावी. तिने जमा केल्याने तिचा किंवा कोणाचाही मालकी हक्क बुडत नाही. मालकाला परवाना मिळवून ती परत नेता येते किंवा पात्र माणसाला विकता येते. ठरलेली मुदत उलटू दिली, तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते.

आणि त्या बंदुकीचा धाक दाखवला जात असेल, तर मालकीचा वाद बाजूला ठेवावा. कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे, त्यांच्याकडे लेखी तक्रार करावी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आदेशही मागता येतो.

लग्नात माहेराहून आलेल्या बंदुकीची मालकीही कागदावरच ठरते. १९८५ च्या प्रतिभा राणी निकालाने स्त्रीधन पूर्णपणे पत्नीचं मानलं आहे. पण ती भेट कोणाला दिली होती, मुलीला की जावयाला, हे दाखवणारा कागद हवा. पहिल्या बैठकीतच वकिलाला सांगून संमतीच्या अटींमध्ये बनावट, बोअर, नंबर, मालक कोण, कोणत्या विक्रेत्याकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत जमा करायची, एवढं लिहून घ्यावं.

बाईंनी आता आयुक्तालयात स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही जोडलं आहे. परवाना नाकारला गेला, तर बंदूक पात्र खरेदीदाराला विकून पैसे आईच्या नावे ठेवायचे, असं बाई, आई आणि भाऊ या तिघांनी लिहून ठेवलं आहे.