निघण्याआधी थांबायची जागा ठरवा

कासुर्डी हे दौंड तालुक्यातलं गाव पुणे-सोलापूर महामार्गावर, उरुळी कांचन आणि यवतच्या मधे येतं. बाहेरच्यांना ते माहीत असतं ते इथल्या पूर्वीच्या टोलनाक्यामुळे. मी लग्न होऊन इथं आले तेव्हापासून हा रस्ता रोजचा. राज्यात कुठं काही बिनसलं की त्याची पहिली खबर आम्हाला रस्ताच देतो. एसटी दिसेनाशी होते, मालट्रक ढाब्यांच्या आवारात ओळीनं उभे राहतात आणि परगावच्या पासिंगच्या गाड्या गावात वळून विचारू लागतात, "पुढं जाता येईल का?"

हा प्रश्न मला नेहमी अपुरा वाटतो. अडकलो तर कुठं थांबायचं, हे ज्यांनी घरूनच ठरवलेलं असतं त्यांचे हाल कमी होतात. ज्यांच्या डोक्यात फक्त पोचायचं असतं, ते नेमके जमावाच्या तोंडाशी जाऊन उभे राहतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता प्रवासाचा विषय निघाला की सगळ्यांना आधी हेच सांगते.

आमच्या घरावर प्रसंग आला तो जानेवारी २०२४ मध्ये. १ जानेवारीला पेरण्याच्या जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात. २०१८ साली त्याच दिवशी कोरेगाव भीमा, सणसवाडी भागात हिंसाचार झाला आणि ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद पाळला गेला. त्यानंतर दर १ जानेवारीला नगर रस्त्याची वाहतूक वळवली जाते. पुण्याहून नगरला जाणाऱ्या गाड्या खराडीवरून हडपसरला, तिथून सोलापूर रस्त्यानं यवत, चौफुला, केडगाव, न्हावरा आणि मग शिरूरला निघतात. म्हणजे शिरूरची गर्दी त्या दिवशी आमच्या दारावरून जाते. २०२४ ला त्याच तारखेला ट्रक आणि टँकर चालकांचा संप सुरू झाला. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघातात माणूस दगावला आणि चालक पोलिसांना न कळवता पळून गेला तर १० वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती. थांबलो तर जमाव मारणार आणि पळालो तर दहा वर्षं आत, असं चालकांचं म्हणणं होतं. ट्रकवाल्यांच्या गावात राहून मला ती भीती खोटी वाटली नाही.

आमच्यापासून लोणी काळभोरचे तेल कंपन्यांचे डेपो जवळच. मुंबईहून जमिनीखालून पाइपलाइननं इंधन लोणीला येतं, पुढं सोलापूरजवळच्या पाकणीपर्यंत जातं. त्यामुळे आमच्याकडं टंचाई होणारच नाही असं गावात सगळे धरून चालले होते. पण टाक्या भरलेल्या असून उपयोग काय, पंपापर्यंत आणणारा टँकरच हलत नव्हता. त्यातून अफवा अशी की पंप आठवडाभर बंद राहणार. मग ज्याची टाकी पाऊण भरलेली तोही रांगेत. पंप रिकामे व्हायला संपाइतकीच ही रांग कारणीभूत होती.

२ तारखेला मंगळवार, सासूबाईंच्या डायलिसिसचा दिवस. हडपसरला सकाळची वेळ ठरलेली. नेहमीचा गाडीवाला गावातलाच, त्याची गाडी सीएनजीवर. पहाटे त्याचा फोन आला, "ताई, गॅसच नाय मिळाला. रातीपासून लायनीत हाय, पुढं शंभर गाड्या असतील." सीएनजीचं आमच्या लक्षातच आलं नव्हतं. पाइपलाइन न पोचलेल्या पंपांवर तो गॅसही टाक्या लादलेल्या ट्रकनेच येतो, हे त्या दिवशी सगळ्या गावाला कळलं.

दिरांनी शेजारच्यांची गाडी मागून आम्हाला उरुळी स्टेशनवर सोडलं. त्या गाडीत हडपसरला जाऊन परत यायला पुरेल इतकं पेट्रोल नव्हतं. सासूबाईंच्या पायांवर सूज होती, चप्पल घोट्याच्या खाली रुतत होती. त्यांनी ती काढून माझ्या पिशवीत टाकली आणि अनवाणीच जिना चढल्या. एकेका पायरीवर थांबायच्या, कठडा धरायच्या, म्हणायच्या, "चल गं, गाडी जाईल." डेमूला त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती, तरी कुणीतरी त्यांना बसायला दिलं. हडपसरला उतरलो तर रिक्षा नाहीत, त्याही गॅसच्या रांगेत. आम्ही पोचेपर्यंत मशीन दुसऱ्या पेशंटला लागलं होतं. दुपारी मिळालं ते चार तासांच्या जागी तीन तास, कारण मागं आणखी माणसं खोळंबली होती. त्या रात्री सासूबाईंना धाप लागली. आडवं झालं की श्वास घुसमटायचा, उशांना टेकून बसवलं तर बरं वाटायचं. १०८ ला फोन केला, रुग्णवाहिका आली, ऑक्सिजन लागला आणि पहाटे पुन्हा मशीनवर घेतलं तेव्हा कुठं त्या बोलायला लागल्या.

तोपर्यंत संप मिटायला लागला होता. २ तारखेच्या रात्री केंद्रीय गृहसचिव अजय भल्ला आणि वाहतूकदारांच्या संघटनेची बैठक झाली, ते कलम चर्चेशिवाय लागू करणार नाही असं जाहीर झालं. १ जुलै २०२४ ला नवा कायदा आला तोही ते पोटकलम बाजूला ठेवून. दोन दिवसांचा संप, पण डायलिसिसच्या माणसाला दोन दिवस फार असतात. म्हणून ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: बंदची, संपाची नुसती कुणकुण लागली तरी केंद्राला फोन करा आणि पाळी एक दिवस अलीकडं मागा. बंदच्या दिवशी सगळेच मागतात, आदल्या दिवशी मिळते. पाळी चुकण्याची शक्यता दिसली की पाणी, मीठ, नारळपाणी, केळी यांवर लगेच हात आखडता घ्या. किती आणि काय, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. आणि हडपसरच्या जवळ राहणारा एखादा पाहुणा असेल तर त्याच्याकडं आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. आम्ही आता तसंच करतो.

थांबायची जागा म्हणते ती ही. तिला हॉटेलच लागतं असं नाही. ३ जानेवारी २०१८ च्या बंदला एक कुटुंब आमच्या गावात वळलं होतं. पंढरपूरकडून येत होते, बरोबर तान्हं बाळ. पुढं टायर पेटवलेत असं ऐकल्यावर त्यांनी गाडी देवळाच्या आवारात लावली आणि ती बाई सरळ आमच्या जाऊबाईंच्या ओट्यावर आली. "ताई, बाटली धुवायला गरम पाणी द्याल का?" इतकंच विचारलं. जाऊबाईंनी पाणी दिलं, मग दूध दिलं, मग जेवायला वाढलं. संध्याकाळी रस्ता मोकळा झाल्यावर ते गेले. त्याच दिवशी त्यांच्या मागून आलेल्या काही गाड्या थेट रांगेच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. मागं गाड्यांची भिंत, पुढं जमाव. त्यांच्या काचा फुटल्या.

म्हणून रांग दिसली की पुढच्या गाडीला चिकटू नका, वळवता येईल इतकं अंतर ठेवा. दुभाजकाकडची लेन सोडा, डावीकडं राहा, म्हणजे सेवारस्त्याला उतरता येतं. मोबाइल काढून चित्रीकरण करू नका. जमावाला सगळ्यात जास्त राग कॅमेऱ्याचा येतो. कुणी "उतरा" म्हटलं तर उतरा, हुज्जत घालू नका. ३० ऑक्टोबर २०२३ ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात उमरगा तालुक्यात कर्नाटकची बस पेटवली, तीही आमच्याच ६५ क्रमांकाच्या महामार्गाच्या पट्ट्यात. प्रवासी आधी खाली उतरले होते म्हणून वाचले. सामान गेलं तर गेलं. गाडीचा विमा पूर्ण असेल तर दंगलीतलं, संपातलं नुकसान त्यात मिळतं, फक्त त्रयस्थ पक्षाचा असेल तर नाही. पोलिसांत नोंद मात्र लागते. हे कागद आजच काढून बघा.

आडवाटेचं वेगळं सांगावं लागेल. महामार्ग अडला की मोबाइलचा नकाशा गाड्यांना आमच्या कालव्याच्या भरावावर आणून सोडतो. नकाशात तो रस्ता दिसतो. प्रत्यक्षात एकच गाडी मावते, कठडा नाही, एका बाजूला पाणी. गळीत हंगामात समोरून दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर आला तर मागं घ्यायला जागा नसते, आणि ट्रॉलीला मागं दिवा असेलच असं नाही. रात्री तर या वाटेला जाऊच नका. चौफुला-केडगाव-न्हावरा हा डांबरी रस्ता रुळलेला आहे, वाहतूक वळवतात तीही त्यावरूनच. माहितीचा मोठा रस्ता लांबचा असला तरी तोच धरा.

मात्र गाव म्हणजे सुरक्षितच, असंही धरू नका. १ ऑगस्ट २०२५ ला आमच्या शेजारच्या यवतमध्ये समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून तणाव झाला. दगडफेक, जाळपोळ झाली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि जमावबंदी लागली. आम्ही यवतला बाजाराला जाणारी माणसं, आमच्या डोळ्यादेखत असं काही होईल हे कुणाला सांगून पटलं नसतं. त्या दिवशी महामार्गावर राहणारा बरा होता, आत शिरणारा अडकला असता. म्हणून वळण्याआधी कुणाला तरी फोन लावा. वाटेवरच्या दर तीस-चाळीस किलोमीटरवर ओळखीचा एकेक नंबर असावा: मास्तर, दुकानदार, नात्यातलं कुणी. तो कागदावर लिहिलेला असावा. पोलिसांसाठी ११२, महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७ हे तीन नंबरही त्याच कागदावर असू द्या.

इंधनाचं थोडक्यात सांगते. टाकी अर्ध्याच्या खाली येऊ देऊ नका, आणि रिझर्व्हवर असताना लांबच्या प्रवासाला निघू नका. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल भरून डिकीत ठेवणं म्हणजे पेटती काडी घेऊन बसणं, ते कुणी कितीही सांगो. घरातलं एक वाहन सीएनजीचं असेल तर दुसरं पेट्रोलचं असावं, आणि दोन्ही नसतील तिथं रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ असावं. पाचशे-शंभरच्या नोटा मिळून दोन दिवसांचा खर्च खिशात असू द्या. २०२३ च्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड, जालना भागात इंटरनेट बंद केलं होतं. इंटरनेट नसलं की मोबाइलमधले पैसे मोबाइलमध्येच राहतात.

आता हे सगळं नेपाळच्या यात्रेला लागू करून बघा. काशी, अयोध्या करून पशुपतिनाथाला जाणाऱ्या यात्रेच्या बस आमच्या भागातून सुटतात, आचारी आणि शिधा बरोबर घेऊन. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथं तरुणांचं आंदोलन पेटलं. ४ तारखेला सरकारनं २६ समाजमाध्यमं बंद केली होती. ८ तारखेला गोळीबारात १९ जण गेले, ९ तारखेला पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, संसद जळाली, काठमांडूचा विमानतळ बंद झाला आणि १० तारखेला संध्याकाळी उघडला. महाराष्ट्रातले पर्यटकही तिथं अडकले होते. त्याआधी २०१५ मध्ये नव्या राज्यघटनेवरून सीमेवरची नाकी अडली आणि नेपाळमध्ये काही महिने इंधनाच्या रांगा लागल्या, कारण त्यांचं पेट्रोल-डिझेल भारतातूनच जातं.

सोनौलीच्या सीमेपासून काठमांडू सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. बसची टाकी सीमेच्या अलीकडं पूर्ण भरली तर जाऊन परत येता येतं. हे यात्रा नेणाऱ्याला पैसे भरण्याआधी विचारा. बसमधल्या प्रत्येकाकडं पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र आहे का, हेही विचारा. आधार कार्ड १५ ते ६५ वयाच्या माणसाला तिथं पुरत नाही. घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपखेरीज लागेल असा तिथला साधा फोन नंबर कोणता, काठमांडूच्या भारतीय दूतावासाचा नंबर कुणाकडं लिहिलेला आहे, आणि शहर बंद झालं तर मुक्काम कुठल्या धर्मशाळेत वाढवून मिळणार आहे, हेही विचारा. बोलणं गोलमाल वाटलं तर आगाऊ रक्कम भरू नका. दुसऱ्याची बस बघा.