उचलण्याआधी रस्ता चालून ये

चि. सागर यास,


तुझी पहिलीच साइट परभणीकडे लागल्याचं ताईनं सांगितलं. हायड्रा क्रेन तुला चालवता येते, ते मी काय शिकवणार! पण तू शिकलास यार्डातल्या काँक्रीटवर आणि आता उतरतोयस काळ्या मातीत, म्हणून हे चार शब्द.

केबिनमधला लोड चार्ट सपाट, टणक जमीन धरूनच बनवलेला असतो. शेतात तो तसाच्या तसा लागू होत नाही. हिशेब करून बघ. दोन बाजूंच्या चाकांत 2 मीटर अंतर धर. एका बाजूचं चाक 10 सेंटीमीटर खचलं की गाडी जवळजवळ 3 अंश कलते आणि 10 मीटर उंचीवरचं बूमचं टोक अर्धा मीटर बाजूला सरकतं. वजन तेवढंच राहतं, पण ते आता गाडीला कुशीवर ओढतं. एका टायरात हवा कमी असली तरी हेच होतं, त्यामुळे सकाळी हवा बघायची.

साइटवर पोचलास की खाली उतर आणि लोड न्यायचा तो रस्ता आधी पायी चाल. काळी माती वरून कडक लागते, पण आत ओल असते. सळई खुपसून बघावी. सगळ्यात फसवा म्हणजे पाइपलाइनसाठी खणून बुजवलेला चर. तो नकाशात नसतो, पण शेतमालकाला बरोबर ठाऊक असतो. त्यालाच विचार, चहाही मिळेल. उघडा खड्डा असेल तर तो जितका खोल, निदान तितकं लांब राहा; माती सैल वा ओली असेल तर दुप्पट.

उचलताना माणूस सावध असतो, घात होतो तो वळताना. हायड्रा मधोमध मोडून वळते. लोड एका बाजूला जातो आणि त्याला तोलून धरणारं मागचं धूड त्याच्या रेषेतून सुटतं. म्हणून वळण्याआधी बूम आखूड कर, लोड जमिनीलगत घे, आणि आडव्या उतारावर तर वळूच नकोस. उतारावर लोड नेहमी चढाच्या बाजूला हवा. म्हणजे चढताना पुढे, आणि उतरताना गाडी रिव्हर्समध्ये. लोडला बांधलेला दोर धरणारा पोरगा गाडीच्या पुढ्यात चालत असेल तर जागेवर थांब. तो बाजूला झाल्याशिवाय क्लच सोडायचा नाही.

गाडी कलू लागली तर लोड खाली टेकव. उडी मारू नकोस. उडी मारणारा बहुतेक गाडीखालीच सापडतो. सीटचा पट्टा बांधलेला असू दे.

सुपरवायझर घाई करणारच. त्याच्याशी भांडू नकोस. “साहेब, इथं मुरूम टाकून रोलर फिरवून द्या, लगेच उचलतो,” एवढंच म्हण. लेखी मागितलं तर आणखी बरं. तेवढ्यावरून कुणी कामावरून काढलंच, तर मला फोन कर. ऑपरेटर शोधणारे दोन मालक माझ्या ओळखीचे आहेत.

तुझा,
मामा