वेलणकरचा हात

पुसद



‘अर्धसत्य’ (१९८३) या गोविंद निहलानी दिग्दर्शित चित्रपटातील ओम पुरी यांच्या अभिनयाचे मोठेपण ते किती जोरात मारतात यावर ठरत नाही, हे पुण्याहून पुसदला पोहोचलेल्या बातमीमुळे लिहिणे भाग पडले आहे. बातमी अशी की, पोलिसाची भूमिका करणाऱ्या भाच्याने तालमीत समोरच्या मुलाच्या कानशिलात खरीच लगावली आणि वर ‘भूमिकेत शिरलो होतो’ असे सांगितले. बातमी ऐकीव आहे, तिला तिखटमीठ लागले असेलही. पण ज्या घरात आजोबांच्या हाताची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, तेथे ती हसण्यावारी नेता येत नाही.

श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या पटकथेत बाप आईला मारतो तेव्हा लहानगा अनंत वेलणकर नुसता पाहत राहतो, आणि पुढे तोच हात त्याच्या मनगटात उतरतो. गुंड रामा शेट्टीपुढे हतबल झालेला हा सब-इन्स्पेक्टर, म्हणजे ओम पुरी, कोठडीत एका भुरट्या चोराला इतके मारतो की तो मरतो. भाच्याने नेमके एवढेच उचललेले दिसते.

नाट्यशास्त्राने आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार मानले असून, सात्त्विक म्हणजे मन एकाग्र झाल्यावर शरीरावर उमटणारे पालट, जसे घाम, कंप, स्वरभेद. प्रेयसी ज्योत्स्नेच्या, म्हणजे स्मिता पाटील यांच्या, समोर वेलणकर दिलीप चित्र्यांची कविता वाचू लागतो, तेव्हा आरंभी सहज असलेला आवाज ओळीगणिक जड होतो, आणि कविता दुसऱ्या कोणाची नसून आपलीच आहे हे त्याला वाचता वाचताच कळते. तेथे कोणी कोणाला हात लावत नाही, तरी साऱ्या चित्रपटात सर्वाधिक धाक त्याच दृश्याचा वाटतो. ‘आक्रोश’मध्ये (१९८०) तर हाच नट जवळजवळ अबोल आहे. शिवाय एकच दृश्य कॅमेऱ्यापुढे पुन्हा पुन्हा द्यावे लागते, आणि खरा राग पहिल्याच खेपेला सरतो. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो वेलणकरच्या रागाला नव्हे, त्या रागावर मांड ठोकून बसलेल्या नटाला.

मग त्या मुलाचा कान कसा आहे? त्याची माफी मागितली का? आजोबाही मारून झाल्यावर ‘भान राहिले नाही’ असेच म्हणत.

मामाला उपदेशाचा अधिकार आहे, असेही नाही. लहानगा अनंत निदान लहान होता. मामा मिसरूड फुटल्यावरही, आजोबा आजीला मारत तेव्हा, दाराआड उभाच राहिला, आणि पुढे आजोबा थकल्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. त्या घरातून भाच्याच्या आईने आपला मुलगा हात न उगारता वाढवला, म्हणून ही धास्ती अधिक.

शब्द कडक झाले असतील तर भाच्याने मनाला लावून घेऊ नये. त्याचा आवाज चांगला आहे, लहानपणीही होता. पाहुण्यांसमोर पाठांतर म्हणताना तो शेवटच्या ओळीला हमखास हळू होई आणि सगळे पुढे सरकून ऐकत. आईला एक फोन करावा, आणि प्रयोगाची तारीख कळवावी, म्हणजे मामा-मामी रात्रीच्या गाडीने निघतील; पुढच्या रांगेत बसणार नाहीत, मित्रांसमोर त्याला अवघडल्यासारखे व्हायला नको.